खोक्यातली पुस्तिका : जॅझच्या पहिल्या खरेदीच्या आठवणी आणि आपले बिननावाचे वादक

जॅझचे संच जमवणाऱ्यांच्या आठवणींना एक ठरलेली चाल असते. आधी दुकान येते, मग किंमत. किंमत त्या वेळच्या पगाराच्या किंवा खोलीच्या भाड्याच्या मापाने सांगितली जाते. मग तो जड, चौकोनी खोका घरी नेण्याची कसरत, घरच्यांचे चेहरे, आणि शेवटी सुई टेकली त्या क्षणाचे वर्णन. जगभरच्या संग्राहकांनी लिहिलेल्या आठवणी वाचा किंवा मुंबई-पुण्याच्या मंडळींच्या तोंडून ऐका, टप्पे फारसे बदलत नाहीत. पहिल्या प्रेमाच्या गोष्टींसारखेच हे आहे. सांगणाऱ्याला ती एकमेव वाटते आणि ऐकणाऱ्याला पुढचे वाक्य आधीच ठाऊक असते.

या आठवणींना हसावे असे मला वाटत नाही. पण त्यांच्याकडे पुरावा म्हणून पाहायचे, तर त्यांत काय येते याइतकेच काय येत नाही हेही तपासायला हवे. त्यांत बहुधा दोन गोष्टी येत नाहीत. खोक्यात काय घालायचे हे कोणी ठरवले, ही एक. दुसरी अशी की, मुंबईत बसून आपण न्यूयॉर्क-शिकागोचे संगीत खोक्याने विकत घेत होतो, तेव्हा याच शहरात ते संगीत कोण वाजवत होते? पहिला प्रश्न जॅझच्या समीक्षेचा आहे. दुसरा आपला आहे, आणि माझ्या मते अधिक टोचणारा आहे.

आधी खोक्याची गोष्ट. तीन-साडेतीन मिनिटांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या काळात लांब रचना एका तबकडीवर मावत नसे. १९०९ साली ओडियन कंपनीने चायकोव्हस्कीच्या ‘नटक्रॅकर’ची चार तबकड्यांची चवड काढली, तिचा उल्लेख या प्रकारातली पहिली म्हणून वारंवार होतो. पुढे अशा तबकड्या फोटोंच्या वहीसारख्या जाड पाकिटांच्या वहीत घालून विकल्या जाऊ लागल्या. ‘अल्बम’ हा शब्द तिथून आला. १९४८ साली लाँग-प्ले आल्यावर वही गेली आणि शब्द राहिला. जॅझमध्ये या वहीचा उपयोग निराळ्या कारणासाठी झाला. जॉर्ज अवाकियन हा येल विद्यापीठात शिकणारा तरुण. त्याने डेका कंपनीला शिकागो शैलीच्या वादकांचा अल्बम काढायला लावला आणि १९४० साली कोलंबियाच्या गोदामातले विसरलेले जुने मुद्रण उकरून ‘हॉट जॅझ क्लासिक्स’ ही माला सुरू केली. नाचायचे, वाजवायचे, झिजले की टाकून द्यायचे अशा संगीताला त्याने ‘क्लासिक’ म्हटले. ही केवळ विक्रीची युक्ती नव्हती. संगीताचा इतिहास लिहायचे काम तबकड्यांच्या खोक्याने आपल्याकडे घेतले ते इथून.

इतिहास म्हटला की बाजू आलीच. १९६१ साली कोलंबियाने फ्लेचर हेंडरसनचा चार लाँग-प्लेचा संच काढला. त्याच्या नावातच ‘अ स्टडी इन फ्रस्ट्रेशन’ असे शब्द आहेत. हेंडरसन हा मोठ्या वाद्यवृंदाच्या जॅझचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. १९३४-३५च्या सुमारास त्याने आपल्या रचना बेनी गुडमनला विकल्या आणि गुडमन ‘स्विंगचा राजा’ झाला. संचाने हेंडरसनला न्याय दिला खरा, पण ऐकण्याआधीच श्रोत्याच्या हाती ‘हा माणूस फसला’ असा निकालही ठेवला. तो संच पहिला म्हणून विकत घेणाऱ्याला हेंडरसनचा आनंदी वाद्यवृंद पुढे कधी दुःखाशिवाय ऐकू येत असेल का, असा मला प्रश्न पडतो. १९७३ साली मार्टिन विल्यम्सने निवडलेला स्मिथसोनियनचा सहा तबकड्यांचा संच तर अमेरिकेतल्या महाविद्यालयांत पाठ्यपुस्तकासारखा वापरला गेला. स्कॉट जॉप्लिनपासून निघून ऑर्नेट कोलमन आणि जॉन कोल्ट्रेनपर्यंत जाणारी ती सरळ वाट आहे. सरळ वाट दाखवायची तर आजूबाजूच्या पायवाटा पुसाव्याच लागतात. १९८३ साली मायकेल कस्कुना आणि चार्ली लोरी यांनी मोझेक ही कंपनी काढली, ती उलट्या टोकाला गेली. थेलोनियस मंकचे ब्लू नोटसाठीचे सगळे मुद्रण एकत्र, क्रमांक घातलेल्या मर्यादित प्रती, विक्री टपालाने. इथे निवड नाही, ‘संपूर्ण’ हाच मंत्र. अभ्यासकाला हे वरदान आहे. पण एकाच चालीची तीन-तीन रूपे लागोपाठ ऐकणे म्हणजे पंगतीत बसल्यावर स्वयंपाकघरातल्या फसलेल्या पोळ्याही वाढून घेणे, असे मला कित्येकदा वाटले आहे.

हे खोके आपल्याकडे सरळ मार्गाने क्वचितच येत. १९९१पूर्वी परदेशी तबकडी मागवणे म्हणजे आयात-परवाना आणि जकात. डमडमच्या कारखान्यात दाबलेल्या परदेशी जॅझच्या सुट्या लाँग-प्ले मिळत, पण मोठे संच दाबणे कंपनीला परवडण्याजोगे नव्हते. म्हणून ते येत बोटीवरच्या खलाशाबरोबर, परदेशातल्या भावाच्या सामानात, नाहीतर मुंबई सोडून जाणाऱ्या परदेशी कुटुंबांच्या मोडीत. काळा घोड्याच्या ‘रिदम हाऊस’मध्ये ऐकायच्या खोल्या होत्या. २०१६ साली ते दुकान बंद झाले तेव्हा वर्तमानपत्रांतून ज्या आठवणी आल्या, त्यांत या खोल्या वारंवार डोकावतात. विकत घ्यायला पैसे नसलेल्या माणसाला तिथे अर्धा तास उभे राहता येई. कान आधी तयार होई तो मात्र रेडिओवर. विलिस कॉनोव्हरचा ‘जॅझ अवर’ १९५५पासून व्हॉइस ऑफ अमेरिकावर लागत असे. लघुलहरींच्या खरखरीतून ऐकलेल्या संगीताचा चेहरा पाहायची ओढ, हे पहिल्या खरेदीमागचे खरे कारण असावे.

माझा स्वतःचा पहिला संच याच मोडीच्या वाटेने आला. चोरबाजारातल्या एका गाळ्यात बिली हॉलिडेचा ‘द गोल्डन इयर्स’ मिळाला. कोलंबियाने १९६२ साली काढलेला हा तीन तबकड्यांचा खोका. भायखळ्याला कर्जत गाडी पकडून तो छातीशी धरून आणला. भिसेगावला घरी येऊन उघडला तर आत दोनच तबकड्या. तिसरी कधी काळी कोणाकडे राहिली असेल कोण जाणे. पुस्तिका मात्र शाबूत होती. न ऐकलेल्या तिसऱ्या तबकडीवर काय आहे, ते मी त्या पुस्तिकेत कित्येक महिने नुसते वाचत होतो. गाण्याचे नाव, त्याखाली ट्रम्पेट कोण, सॅक्सोफोन कोण, पियानो कोण, ध्वनिमुद्रण केव्हाचे.

संग्राहकांच्या आठवणींत नेमकी ही पुस्तिका मागे पडते. आवाजाचे वर्णन भरभरून असते, कव्हरवरच्या छायाचित्राचे असते. आतल्या बारीक टायपातल्या यादीबद्दल कोणी फारसे बोलत नाही. माझे म्हणणे असे आहे की, खरी खरेदी त्या यादीची होती. मराठी श्रोत्याला त्यापूर्वी अशी यादी कुठे भेटली होती? बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या घ्या. गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष अशी माणसे होती, हे आपण पुस्तकांतून, वडीलधाऱ्यांकडून ऐकतो. लेबलावर गायकाचे नाव, नाटकाचे नाव, पदाची पहिली ओळ. ठेका कोणी धरला आहे हे ओळखायचे काम कानावर सोडलेले. लाँग-प्लेच्या काळात शास्त्रीय संगीताच्या कव्हरांवर साथीदारांची नावे येऊ लागली, तरी भावगीतांत आणि चित्रपटसंगीतात ती आली नाहीत. ‘गीतरामायणा’सारखी छप्पन्न गीतांची, संचानेच काढावी अशी मालिका आपल्याकडे झाली. गदिमा आणि सुधीर फडके ही दोन नावे घराघरांत आहेत आणि ती असायलाच हवीत. पण त्यात बासरी कोणाची, हा प्रश्न विचारण्याची सवय आपल्याला कोणी लावली नाही.

ही सवय जॅझच्या खोक्याने लावली. एकदा लागली की ती परदेशी तबकड्यांपुरती राहत नाही.

हॉलिडेच्या संचातल्या मुद्रणांवर ज्यांची नावे येतात, त्यांत बक क्लेटन हा ट्रम्पेटवादक आहे. २५ जानेवारी १९३७ रोजी लेस्टर यंग आणि क्लेटन हे दोघे प्रथमच हॉलिडेबरोबर ध्वनिमुद्रणाला बसले. टेडी विल्सन पियानोवर होता. गायिकेच्या ओळीमागे हलकेच बोलणारे, तिचे वाक्य पुरे होऊ देणारे क्लेटनचे ट्रम्पेट हे साथीचे उत्तम उदाहरण आहे. या क्लेटनला १९३४ साली शांघायच्या एका बड्या नाचघरात वाजवायला नेले ते टेडी वेदरफोर्ड या पियानोवादकाने. आणि हाच वेदरफोर्ड पुढे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाद्यवृंद घेऊन बसला, मग कलकत्त्याला गेला आणि १९४५ साली तिथेच पटकीने मेला. म्हणजे न्यूयॉर्कचे म्हणून जे ट्रम्पेट मी भिसेगावात ऐकत होतो, त्याचा धागा अपोलो बंदरावरून गेला होता. हे खोक्याने सांगितले नाही. सांगण्याची त्याला गरजही नव्हती. पण क्लेटनचे नाव छापले होते म्हणूनच तो धागा हाती आला.

ताजमध्ये १९३५ साली लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय वादकांचा वाद्यवृंद आला, त्यानंतर क्रिकेट स्मिथ, मग वेदरफोर्ड. या अमेरिकन वादकांच्या शेजारी बसून शिकली ती गोव्याची माणसे. चर्चच्या शाळांतून त्यांना स्वरलिपी वाचायला लहानपणीच शिकवलेली असे. समोर कागद ठेवला की वाजवायचा, ही तयारी त्या काळी मुंबईत दुसऱ्या कोणाकडे क्वचितच होती. आल्दोन्याचा अँटोनिओ झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने वाजवू लागला आणि मुंबईत त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. त्याच्या स्वतःच्या वाद्यवृंदाच्या थोड्याशा तबकड्या निघाल्या. १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला, हॉटेलांतल्या वाद्यवृंदांची कमाई आटली आणि ही मंडळी अधिकाधिक चित्रपटांच्या स्टुडिओंकडे वळली.

इथे मराठी वाचकाच्या ओळखीचे नाव येते. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. भगवानदादांच्या १९५१च्या ‘अलबेला’त जे उसळते, ते ट्रम्पेट चिक चॉकलेटच्या ओठांवरचे आहे, त्या चित्रपटात तो आणि त्याचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो. चितळकरांबरोबर त्याने साहाय्यक म्हणूनही काम केले. ‘अलबेला’ची गाणी आजही लग्नांच्या वरातींत वाजतात. वरातीतल्या कोणालाही संगीतकार विचारा, दहापैकी काही जण सांगतील. ट्रम्पेट कोणाचे, हे विचारून पाहा.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो वाजवी आहे. जॅझमध्ये वादक हाच रचनाकार असतो, म्हणून त्याचे नाव छापतात. चित्रपटगीतात चाल संगीतकाराची असते, वादक लिहिलेले वाजवतो, मग नावाचा हट्ट कशाला? यात अर्धे सत्य आहे. लिहिलेले वाजवतो, पण लिहितो कोण? शंकर-जयकिशन यांच्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत साहाय्यक म्हणून दत्ताराम आणि सेबॅस्टियन ही नावे असत. सेबॅस्टियन डिसोझा यांनी त्या चालींभोवती व्हायोलिनांचे जे ताफे उभे केले, त्यांच्यामुळेच ती गाणी शंकर-जयकिशनची म्हणून ओळखू येतात. पडद्यावर दोन सेकंद आलेले ते नाव तबकडीवर उतरले नाही. फ्लेचर हेंडरसन हाही मुळात वाद्यमेळ लिहिणाराच होता. त्याचा चार तबकड्यांचा संच निघू शकतो, तर सेबॅस्टियन यांचा का नाही? कलागुण कमी म्हणून नव्हे. हेंडरसनच्या प्रत्येक मुद्रणाची तारीख आणि माणसे कुठेतरी लिहून ठेवली होती, किंवा हौशी मंडळींनी वादकांना गाठून वेळेत लिहून घेतली. जॅझचा इतिहास मुख्यतः या याद्यांवर उभा आहे. संचाची कल्पना यादीनंतर येते, आधी नाही.

आमच्या कर्जतला गाडीच्या मागे घाट चढवणारी इंजिने लागतात. बँकर म्हणतात त्यांना. लोणावळ्याला ती सुटतात, आणि पुण्याला उतरणाऱ्याला ती लागली होती हेही आठवत नाही. स्टुडिओतल्या वादकांबद्दल वाचताना मला दर वेळी त्यांचा धक्का आठवतो. उपमा फार ताणत नाही.

याद्यांचे काम आपल्याकडे अजिबात झाले नाही असे नाही. १९९० साली मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था निघाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘द रेकॉर्ड न्यूज’मधून जुन्या तबकड्यांच्या सूची चिकाटीने छापल्या. मायकेल किनिअर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने ग्रामोफोन कंपनीच्या भारतातल्या आरंभीच्या मुद्रणांची सूची १९९४ साली ग्रंथरूपाने दिली. लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक मुद्रणाचा काळ सांगू शकतो, आणि त्यापुढे संग्राहकाच्या आठवणीतले साल अनेकदा टिकत नाही. संग्राहकांच्या आठवणी छापताना शेजारी हा क्रमांकही छापावा, असे मला नेहमी वाटते. पण या सूचींचा भर स्वाभाविकपणे गायकांवर आणि शास्त्रीय, नाट्य संगीतावर राहिला. ग्रेगरी बूथच्या २००८च्या ‘बिहाइंड द कर्टन’ने स्टुडिओतल्या वादकांना बोलते केले. नरेश फर्नांडिस यांचे ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ २०१२ साली वाचकांसमोर होते, आणि मुंबईच्या जॅझची हकीकत पहिल्यांदा सलग वाचायला मिळाली.

या शेवटच्या पुस्तकाबद्दल थोडे अधिक लिहायला हवे. त्याला जोडून एक सीडी आहे. मुंबईच्या जॅझचा संच म्हणून आपल्या हाती काही असेल तर ते हेच. खोक्यात पुस्तिका असते, इथे पुस्तकात तबकडी आहे. क्रम उलटा, आणि माझ्या मते योग्य. हॉटेलांच्या जाहिराती, छायाचित्रे, वृद्ध वादकांच्या मुलाखती यांतून फर्नांडिस शहर उभे करतात आणि मग आवाज ऐकवतात. गोव्याच्या वादकांवर ते आदराने लिहितात, पण त्यांना संत करत नाहीत. माझी तक्रार एवढीच की, चित्रपटांच्या दारात पोचल्यावर हकीकतीचा वेग वाढतो. पुस्तकाचा नायक जॅझ आहे, म्हणून ते समजण्यासारखे आहे. मात्र चितळकरांच्या बाजूने, मराठी संगीतकाराच्या बाजूने, याच भेटीकडे पाहणारे मराठी पुस्तक अजून लिहायचे आहे. चितळकरांनी ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र लिहिले. अशा पुस्तकाची सुरुवात तिथून करता येईल.

मुंबईतले जॅझचे संग्राहक आणि मुंबईतले जॅझचे वादक या दोन जमाती एकमेकींना फारशा भेटल्या नाहीत, असेही दिसते. याला निरंजन झवेरींसारखे सन्माननीय अपवाद आहेत. त्यांनी १९५०च्या दशकात जॅझचे नियतकालिक चालवले आणि १९७८ साली रंगभवनात ‘जॅझ यात्रा’ भरवली. पहिल्याच वर्षी सॉनी रॉलिन्स येऊन वाजवून गेला. पण बाकी बऱ्याच संग्राहकांच्या आठवणींत मुंबई म्हणजे दुकानाचा पत्ता आहे. धोबी तलावाच्या गोवेकरांच्या कुडांत त्याच संध्याकाळी एखादा ट्रम्पेटवाला दिवसभराचे ध्वनिमुद्रण आटोपून परतला असेल, ही शक्यता त्या आठवणींना शिवत नाही. परदेशाहून आलेला खोका आपल्याला प्रमाण वाटला आणि जिन्यावरून उतरणारा माणूस नक्कल वाटला. मंकच्या अर्धवट मुद्रणांची क्रमवार माहिती असलेला आमचा संग्राहक चिक चॉकलेट १९६७ साली वारला हे सांगू शकत नाही.

एक व्यावहारिक गोष्ट. कर्जतच्या पावसाळ्यात पुठ्ठ्याचे खोके फुगतात, तबकड्यांवर बुरशीची पांढरी नक्षी उमटते. तबकडी सौम्य साबणाच्या पाण्याने धुता येते, मऊ कापडाने टिपून उभी ठेवली की पुन्हा वाजते. पुस्तिका धुता येत नाही. तिच्या पिना गंजतात, पाने चिकटतात, आणि नेमकी नावांची पाने आधी जातात, कारण तीच सर्वांत जास्त उलटलेली असतात. गोव्यातल्या आणि मुंबईतल्या घरांत स्टुडिओच्या हाताने लिहिलेल्या स्वरलिपीचे कागद, मानधनाच्या पावत्या, मागे नावे लिहिलेली ध्वनिमुद्रणांची छायाचित्रे अजून असतील, तर ती याच हवेत आहेत. ‘अलबेला’च्या वेळी चिक चॉकलेटच्या शेजारी कोण कोण बसले होते, ही एका गाण्यापुरती यादी जरी पुरी करायची म्हटली, तरी ती आता त्या कागदांतूनच होईल. ती वाजवणाऱ्यांच्या मुलांचीही वये आता सत्तरीच्या पुढे गेली असतील.